चिनी अभिजात कादंबऱ्या आणि त्यांचे लेखक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कादंबऱ्यांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. पुस्तकांच्या नावांची मराठी रूपं मी सोयीसाठी केलेली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, वादाचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा धागा आला, की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'चार महान कादंबऱ्या' म्हणतात त्या नेमक्या कोणत्या?

'तीन राज्यांची कथा', 'पाणथळीचे बंडखोर', 'पश्चिमेची यात्रा' आणि 'लाल महालातलं स्वप्न'. पहिल्या तिन्हींना कादंबरीचं रूप मिंग राजवटीत (१३६८–१६४४) आलं, चौथी छिंग राजवटीतली, अठराव्या शतकातली. (चौथीचा पुण्याच्या लाल महालाशी संबंध नाही. हे विचारणारे निघाले म्हणून सांगतो. चिनी शीर्षकातला लाल माडीचा वाडा म्हणजे श्रीमंताघरच्या लेकीसुना राहतात ती जागा.)

ही चौकडी मात्र पूर्वापार चालत आलेली नाही. मिंग काळाच्या उतरणीला 'चार अद्भुत पुस्तकं' म्हणत, त्यात पहिल्या तीन होत्या आणि चौथी 'जिन पिंग मेइ' (प्रश्न १२). 'लाल महाल' तेव्हा लिहिलीच गेली नव्हती. आजची यादी विसाव्या शतकात पक्की झाली. माझं मत विचाराल तर वू चिंग्झची 'विद्वानांची बखर' बाहेर ठेवून यादी चारवर थांबवणं हा अन्याय आहे (प्रश्न ११).

२. यांना 'कादंबरी' म्हणणं बरोबर आहे का?

चिनी शब्द 'श्याओश्वो'. त्याचा अर्थ फुटकळ बोलणं, किरकोळ गोष्टी. नावातच पायरी दाखवून दिली आहे. मान होता तो कवितेला, इतिहासाला, निबंधाला. या कथा बाजारात आणि चहाच्या दुकानांत कथेकरी सांगत, त्यावर नाटकं होत, आणि मग कुणीतरी बसून सगळं एका सूत्रात ओवलं. म्हणूनच प्रकरण ऐन रंगात आणून तोडतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं : 'पुढे काय झालं ते जाणायचं असेल तर पुढच्या प्रकरणाचं निरूपण ऐका.' वाचा नव्हे, ऐका. 'लाल महाल' तर एका माणसानं मेजावर बसून लिहिलेली आहे, कुठल्याही कथेकऱ्यानं ती आधी सांगितलेली नव्हती, तरी तिथेही हा कथेकऱ्याचा ढंग टिकून आहे.

३. सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू? आणि भाषांतर कोणतं घेऊ?

'पश्चिमेची यात्रा' घ्या. आर्थर वेली यांचं 'मंकी' (१९४२) हे इंग्रजी रूप चटकन वाचून होतं, पण त्यात मूळच्या १०० प्रकरणांपैकी ३० च आहेत. आवडलं तर अँथनी यू यांचं चार खंडांचं पूर्ण भाषांतर आहेच.

'लाल महाल'नं सुरुवात करू नका. शेकडो पात्रं, आणि पहिल्या पाच प्रकरणांत देव, दगड, स्वप्न, भविष्यवाणी अशी गर्दी. ती ओलांडली की मग मात्र सुटका नाही. डेव्हिड हॉक्स यांनी या एका पुस्तकापायी ऑक्सफर्डमधलं प्राध्यापकपद सोडलं. पहिली ८० प्रकरणं त्यांची, शेवटची ४० त्यांचे जावई जॉन मिनफर्ड यांची. हा सांधा नेमका तिथेच का, ते प्रश्न १० मध्ये.

४. नावं लक्षातच राहत नाहीत. आणि उच्चार?

आडनाव आधी येतं. 'लाल महाल'चा लेखक त्साओ श्वेछिन, या नावात त्साओ हे घराणं. एकाच माणसाचं नाव जुन्या आणि नव्या इंग्रजी पुस्तकांत वेगवेगळ्या स्पेलिंगनं दिसतं, कारण रोमन लिपीत चिनी लिहिण्याच्या पद्धती बदलल्या. माणसं दोन नाहीत.

उच्चारात मराठी माणसाला एक फायदा आहे. 'चाक' मधला च आणि 'चिमणी' मधला च आपण वेगळे उच्चारतो, न शिकवता. चिनीतही हे दोन्ही लागतात. इंग्रजी वाचणारा तिथे अडखळतो, आपण अडखळायचं कारण नाही.

लक्षात ठेवायची एक युक्ती : नावांचे अर्थ विचारा. 'लाल महाल'मधल्या घराण्याचं आडनाव ज्या, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे 'खोटं'. त्यांच्याच आरशातलं वाटावं असं दुसरं घराणं झेन, म्हणजे ऐकायला 'खरं'. ज्या घरातल्या चार बहिणींच्या नावांतली पहिली अक्षरं ओळीनं म्हटली, तर कानाला 'सुस्कारा टाकावा असंच हे' असं ऐकू येतं.

५. मुखपृष्ठावर छापलेली लेखकांची नावं खरी आहेत का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण विचारायला हवा तो हाच. 'लाल महाल' आणि 'विद्वानांची बखर' यांचे लेखक माहीत आहेत. बाकीच्यांच्या बाबतीत नाव हाच सगळ्यात कच्चा दुवा.

'पश्चिमेची यात्रा'ची हाती असलेली सगळ्यात जुनी छापील प्रत १५९२ ची, नानजिंगची. तिच्यावर लेखकाचं नाव नाही. नंतर बराच काळ लोक हे पुस्तक छ्यू छूजी या ताओपंथी साधूचं समजत. तो चंगीझखानाला भेटायला गेला होता, त्याच्या शिष्यानं त्या प्रवासाचं वर्णन लिहिलं, आणि त्या पुस्तकाचं नावही योगायोगानं हेच. मग १९२० च्या दशकात हू शी आणि लू शुन या अभ्यासकांनी वू छंग-अन याचं नाव पुढे आणलं. हा ह्वाइआन गावचा, वरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला, उतारवयात तालुक्यात दुय्यम अंमलदारी केलेला माणूस. पुरावा काय? गावच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याच्या नावापुढे 'पश्चिमेची यात्रा' एवढंच लिहिलेलं. ती कादंबरी की साधं प्रवासवर्णन, याचा उल्लेख नाही. आणि नंतरच्या एका ग्रंथसूचीत त्याचं ते पुस्तक चक्क भूगोलाच्या विभागात घातलेलं आहे! तरी आज जगभर मुखपृष्ठावर त्याचंच नाव.

'तीन राज्यां'चा लुओ ग्वानचुंग निदान होता हे नक्की. 'भुतांची नोंदवही' नावाच्या नाटककारांच्या चरित्रकोशाला कुणीतरी जी पुरवणी जोडली, तिच्यात त्याच्यावर चार ओळी आहेत : लोकांत फारसा मिसळत नसे, स्वतःला 'नद्या-सरोवरांवरचा भटक्या' म्हणवी, १३६४ साली आमची पुन्हा भेट झाली, त्या भेटीला आता साठावर वर्षं लोटली, पुढे त्याचं काय झालं कळलं नाही. चौदाव्या शतकातल्या त्या माणसाचं चरित्र म्हणून जे काही आहे ते एवढंच. 'पाणथळी'चा शी नाय-आन तर याहूनही धूसर. त्याच्या जन्मगावाच्या, गुरूच्या, मृत्यूच्या रंगवून सांगितलेल्या हकिकती वाचल्या तर मिठाच्या खड्याबरोबर गिळा.

६. शाळेत इतिहासात होता तो युआन श्वांग आणि 'पश्चिमेची यात्रा'मधला भिक्षू एकच का?

नावापुरता एकच. खरा युआन श्वांग (ह्युएनत्संग हाही तोच) सम्राटाची परवानगी नसताना चोरून सरहद्द ओलांडून निघाला, नालंदाला शीलभद्रांकडे शिकला, आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. सुमारे ६४१ साली तो महाराष्ट्रातही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहिलेलं वाचण्यासारखं आहे : उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात. लढाईआधी वीर दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं वर्णन तो करतो, तो अजिंठाच असं मानतात.

कादंबरीतला भिक्षू याच्या अगदी उलटा. त्याला सम्राट मानानं निरोप देतो, आणि हा जरा काही झालं की रडतो, घोड्यावरून पडतो, राक्षसाला साधू समजतो. शेवटी गृध्रकूटावर बुद्धासमोर पोचल्यावर काय होतं? आनंद आणि काश्यप, बुद्धाचे थोर शिष्य, ग्रंथ देण्याआधी चिरीमिरी मागतात. मिळत नाही, तर कोऱ्या कागदांच्या पोथ्या हातात ठेवतात. तक्रार गेल्यावर बुद्ध हसून म्हणतो, अक्षर नसलेल्या पोथ्याच खऱ्या, पण तुमच्या पूर्वेकडच्या लोकांना ते समजायचं नाही, लिहिलेल्या घ्या. तेव्हाही आनंद हात पुढे करतोच, आणि भिक्षेचं सोन्याचं पात्र दिल्यावर काम होतं. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाशिवाय हे प्रकरण दुसऱ्या कुणी लिहिलं असेल यावर माझा विश्वास नाही.

७. 'पश्चिमेची यात्रा'मधला वानर सुन वुकोंग म्हणजे आपला हनुमानच ना?

यावर १९२० च्या दशकात चीनमध्येच वाद झाला. हू शी म्हणाले, मूळ हनुमान. लू शुन म्हणाले, नाही, हा वूजिछी नावाच्या जुन्या चिनी जलदैत्याचा वंशज, तोही वानररूपच. रामकथेचे तुकडे बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये पोचले होते, आणि छ्वानजोउ बंदरातल्या तेराव्या शतकातल्या एका दगडी पॅगोड्यावर तलवारधारी वानर कोरलेला आहे. तिथे भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेव्हा वाऱ्यावरून बी आलं असेल, यात नवल नाही.

पण झाड तिथलंच. हनुमान म्हणजे दास्यभक्ती. वुकोंग दगडातून जन्मलेला, आईबाप नसलेला, स्वर्गावर चाल करून जाणारा उद्दाम प्राणी. तो भिक्षूचं ऐकतो ते डोक्यावर आवळणारं कडं बसवल्यामुळे, मंत्र म्हटला की कवटी फुटायची वेळ येते म्हणून. त्याच्या नावाचा अर्थ मात्र आपल्या ओळखीचा : 'शून्याचा बोध झालेला'. शून्यता हा शब्द तिकडे इथूनच गेला.

८. 'तीन राज्यांची कथा' किती खरी?

अठराव्या शतकातला इतिहासकार झांग श्वेछंग म्हणून गेला, सात भाग सत्य, तीन भाग काल्पनिक. ते आजही सगळे उचलतात. कथेचा काळ १८४ च्या पीत फेटेवाल्यांच्या बंडापासून २८० पर्यंत. लाल कड्यांची लढाई २०८ साली खरोखर झाली. पण लोकांना पाठ असलेले प्रसंग नेमके त्या तीन भागांतले असतात. धुक्यात गवताचे भारे लावलेल्या नावा पाठवून कथेतला चतुर सल्लागार जूग ल्यांग शत्रूकडूनच लाखभर बाण गोळा करतो, तो त्यानं केलेला नाही. पीचच्या बागेत तिघांनी घेतलेली भाऊपणाची शपथ इतिहासग्रंथात नाही. तिथे तिघांपैकी ल्यू बेइ बाकीच्या दोघांशी भावासारखा वागे, एका बिछान्यावर निजत, एवढंच आहे.

या तिघांपैकी ग्वान यू पुढे देव झाला. मुंबईत माझगावला नवाब टँक रस्त्यावर जुनं चिनी देऊळ आहे, तिथे ग्वान गोंग म्हणून पुजला जातो तो हाच.

९. 'पाणथळीचे बंडखोर' कुठे ७० प्रकरणांची, कुठे १२० ची. खरी कोणती?

१०० आणि १२० प्रकरणांच्या आवृत्त्या आधीच्या. त्यांत १०८ बंडखोर शेवटी सम्राटाला शरण जातात, त्याच्यासाठी इतर बंडं मोडायला निघतात आणि एकेक करून मरतात. १६४१ च्या सुमारास सुजोउचा टीकाकार जिन शंगथान यानं शरणागतीपासून पुढचं सगळं छाटलं, आपल्याला 'प्राचीन प्रत' सापडली असं ठोकून दिलं, आणि १०८ जणांची मुंडकी उडत असल्याच्या एका भयानक स्वप्नावर पुस्तक संपवलं. तीन शतकं चीननं हीच ७० प्रकरणांची आवृत्ती वाचली, पर्ल बक यांनी १९३३ साली भाषांतर केलं तेही हिचंच. १६४२ मध्ये मिंग दरबारानं पुस्तकावर बंदी घातली, तिचा काडीमात्र उपयोग झाला नाही.

जिनचं स्वतःचं डोकं १६६१ साली उडालं. एका भ्रष्ट अंमलदाराविरुद्ध कन्फ्यूशियसच्या देवळात निषेध केल्याबद्दल सुजोउच्या १८ जणांना देहदंड झाला, त्यांत तो होता. मरताना त्यानं मुलाला शेंगदाणे कशाबरोबर चावले की अक्रोडाची चव लागते हे कळवलं, अशी दंतकथा आहे. खोटी असणार, पण माणसाला शोभते.

१०. 'लाल महाल'च्या लेखकानं स्वतःचीच गोष्ट लिहिली का? आणि शेवटची ४० प्रकरणं कुणाची?

त्साओ श्वेछिनचं घराणं सम्राटाचं खाजगी चाकर. पणजी कांगशी सम्राटाची दाई होती. आजोबा त्साओ यिन नानजिंगला शाही वस्त्रोद्योगाचा अधिकारी, कवी, ग्रंथप्रेमी. कांगशी दक्षिणेच्या दौऱ्यांत चार वेळा त्याच्याकडे उतरला. सम्राट घरी उतरणं म्हणजे मान मोठा आणि खड्डा त्याहून मोठा. कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात एक म्हातारी दाई सहज बोलून जाते, त्या झेन घराण्याकडे चार वेळा सम्राट आले, चांदी माती झाली हो तिथे. आकडा तोच, चार.

कांगशी गेला, योंगजंग गादीवर आला. तिजोरीतल्या तुटीचा हिशेब निघाला आणि १७२७ च्या अखेरीस मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम सुटला. श्वेछिन तेव्हा फार तर बारा-तेरा वर्षांचा. आजोबांच्या विधवेला बीजिंगमध्ये लसूण बाजारात साडेसतरा खोल्यांचं घर आणि नोकरांच्या तीन जोड्या, एवढं पोटापुरतं राहू दिलं. पुढे तो शहराच्या पश्चिमेला डोंगराकडे राहायला गेला. चित्रं विकायचा. दुन छंग नावाच्या मित्राच्या कवितेत आहे, सारं घर पेजेवर आणि दारू उधारीवर. त्यानं दहा वर्षं पुस्तक लिहिलं, पाच वेळा फिरवून लिहिलं.

तेव्हा स्वतःची गोष्ट? मोडलेलं घर त्याचं आहे, आतली माणसं घडवलेली आहेत. १९२१ मध्ये हू शी यांनी आत्मचरित्राचा सिद्धांत मांडल्यापासून लोक प्रत्येक नोकराणीमागे खरी बाई शोधतात. तोंडात जेडचा खडा घेऊन जन्मलेला बाओयू आणि गळून पडलेल्या फुलांना माती देणारी दाइयू यांना जन्माचे दाखले लागत नाहीत.

लेखक गेला तेव्हा हातोहात फिरत होती ती ८० प्रकरणांची हस्तलिखितं, काहींवर 'लाल दौत' अशी सही करणाऱ्या कुणा जवळच्याच्या टिपा. मग १७९१ मध्ये छंग वेइयुआन आणि गाओ अ यांनी १२० प्रकरणांची छापील आवृत्ती काढली. प्रस्तावनेत छंग सांगतो, विखुरलेले भाग वर्षानुवर्षं जमवले, आणि दहाएक प्रकरणं ढोलकं वाजवत फिरणाऱ्या एका जुनापुराणावाल्याच्या कावडीत मिळाली. हू शींनी याला थाप ठरवून सगळा दोष गाओच्या माथी मारला. आता वारं फिरलं आहे. अलीकडच्या प्रमाणित चिनी आवृत्तीवर पुढचा भाग 'अज्ञात लेखकाचा' आणि छंग व गाओ हे संपादक, असं छापतात. वाचताना मला तरी ८१ व्या प्रकरणापाशी जिना एक पायरी खाली उतरल्यासारखा वाटतो. तरी बाओयूला फसवून दुसरीशी लग्न लावतात आणि त्याच वेळी दाइयू मरते, ते प्रकरण ज्यानं लिहिलं तो लेचापेचा नव्हता.

११. हे सगळे लेखक परीक्षेत नापास झालेले होते का?

सगळे नाहीत, पण 'विद्वानांची बखर' त्या अनुभवातूनच आली. शाही परीक्षा म्हणजे जिल्ह्याची, मग प्रांताची, मग राजधानीची. ठरीव साच्यातला 'आठ पायांचा' निबंध, एकेकट्या खोपटात बसून. या परीक्षा १९०५ पर्यंत चालल्या.

'बखरी'चा लेखक वू चिंग्झ (१७०१–१७५४) आन्हुइ प्रांतातल्या बड्या घरचा. वारसा उधळला, भाऊबंदांनी तोंड फिरवलं, १७३३ मध्ये नानजिंगला आला. १७३६ साली खास परीक्षेसाठी शिफारस झाली होती, गेला नाही. कडाक्याच्या थंडीत घरात खायला काही नसलं की पाच-सहा मित्र घेऊन चांदण्यात शहराच्या तटाभोवती गाणी म्हणत उजाडेपर्यंत मैलोगणती चालायचा. याला तो 'पाय शेकणं' म्हणे.

त्याच्या पुस्तकातला फान जिन पाहा. चोपन्न वर्षांचा होईपर्यंत नापास. प्रांताच्या परीक्षेला जातो म्हटलं तर खाटीक सासरा माकडतोंड्या म्हणून हाकलतो. निकालाच्या दिवशी घरात तांदूळ नाहीत, आई अंडी देणारी कोंबडी विकायला पाठवते. बाजारात कोंबडी काखेत घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत असताना शेजारी धावत येतो : पास झालास! हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, थट्टा वाटते. शेजारी कोंबडी हिसकावून फेकतो. घरी येऊन नोटीस वाचतो, टाळ्या पिटतो, 'झालो, पास झालो' म्हणत कोसळतो, उठतो, पळत सुटतो, डबक्यात पडतो. केस मोकळे, एका पायातला जोडा गेलेला. लोक म्हणतात, ज्याला हा भितो त्यानं एक ठेवून द्यावी. सासऱ्याचा हात उचलत नाही, जावई आता आकाशातला तारा झाला. दोन वाट्या दारू पोटात घालून तो येतो आणि थोबाडीत देतो. फान जिन शुद्धीवर येतो, आणि सासऱ्याचा हात ठणकायला लागतो. देव कोपला म्हणून तो मलमपट्टी मागतो.

उलट उदाहरण पू सुंगलिंगचं (१६४०–१७१५). एकोणिसाव्या वर्षी जिल्ह्यात पहिला आला, नंतर प्रांताची परीक्षा जन्मभर हुलकावणी देत राहिली. दुसऱ्यांच्या घरी मास्तरकी करत त्यानं कोल्हिणी-भुतांच्या सुमारे पाचशे कथा लिहिल्या. त्या कथा आहेत, कादंबरी नाही, म्हणून तो या यादीत नाही.

१२. 'जिन पिंग मेइ' अश्लील आहे का? आणि विषारी पानांची गोष्ट?

अश्लील भाग आहेत. पण शंभर प्रकरणांचं बहुतांश पुस्तक एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरातली जेवणं, कपडे, व्याज, लाच आणि सवतींची भांडणं यांवर आहे. शीर्षक म्हणजे तीन बायकांच्या नावांतलं एकेक अक्षर. कथा 'पाणथळी'तल्या एका प्रसंगाला फाटा फोडून निघते : तिथे जो माणूस सुडात लगेच मरतो, त्याला इथे काही वर्षं जगू दिलं आहे. लेखक 'लानलिंगचा हसरा विद्वान'. हे टोपणनाव, आणि त्यामागचा माणूस कुणीही पकडलेला नाही.

बापाच्या सुडासाठी एका कवीनं हे पुस्तक लिहिलं आणि पानांच्या कोपऱ्यांना विष लावून शत्रूला वाचायला दिलं, ही गोष्ट रंगतदार आणि बनावट आहे.

१३. लेखकांना पैसे मिळायचे का?

नाही. छापणाऱ्याला आणि नक्कल करणाऱ्याला मिळत. 'लाल महाल'ची हातानं उतरवलेली प्रत देवळाच्या जत्रेत कित्येक तोळे चांदीला जात असे. वू चिंग्झचं पुस्तक तर त्याच्या हयातीत छापल्याची खूण नाही. सर्वांत जुनी उपलब्ध प्रत १८०३ ची.

१४. त्साओ श्वेछिनच्या मृत्यूची तारीख कुठे १७६३, कुठे १७६४. चूक कुणाची?

चूक कुणाचीच नाही, दोन पुरावे भांडतात. 'लाल दौत'च्या एका टिपेत आहे : रनवू वर्षाच्या शेवटच्या रात्री, पुस्तक अपुरं असताना, आसवं संपून तो गेला. चांद्र वर्षाची ती शेवटची रात्र म्हणजे आपल्या हिशेबानं १२ फेब्रुवारी १७६३. (रनवू म्हणजे १७६२ एवढंच पाहून काही पुस्तकं तेच साल छापतात. ती चूक खरी.)

दुसरीकडे, मित्र दुन मिन याच्या कवितासंग्रहात त्यानंतरच्या वसंतातली वाटणारी एक चिठ्ठीवजा कविता आहे, श्वेछिनच्या नावे : जर्दाळूची फुलं गळायला लागली, आमच्या छोट्या अंगणातला वसंत बघायला ये. टीप खरी मानली, तर हे आमंत्रण मेलेल्या माणसाला गेलं. म्हणून काही अभ्यासक टीपकारानं वर्ष चुकवलं असं धरून मृत्यू एक वर्ष पुढे, १ फेब्रुवारी १७६४ ला नेतात. बाकीचे म्हणतात, कवितेवर तिचं स्वतःचं साल नाही, संग्रहात ती फक्त त्या सालच्या कवितांच्या मागे येते. रात्र मात्र दोन्ही बाजूंना एकच मान्य आहे, चिनी वर्षाची शेवटची.